उरलेली अर्धी कोणाची?

बिअरच्या दुकानात नोकरी करणाऱ्या मराठी बाईची ओळख करून देताना लोक फार कष्ट घेतात. माझ्या यजमानांनी त्यांच्या घरी इतकी वर्षं सांगितलं ते असं की, मी फूड इंडस्ट्रीत आहे. नागपूरच्या माझ्या बहिणीने त्यात सुधारणा करून मला क्वालिटी कंट्रोलमध्ये नेऊन बसवलं. इथल्या, म्हणजे अमेरिकेत कॅरी गावातल्या, मराठी मंडळींना मी काय करते ते पक्कं माहीत होतं, त्यामुळे ते कधी विचारत नसत. विचारत ते एवढंच: "काकू, स्वतः घेता का हो?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा ग्लास असे.

घेत असे. रोज दुपारी, जेवताना, अर्धी बाटली. पुढचं वाचायचं की नाही हे आता ज्याने त्याने ठरवावं.

मी दुकानात शिरले ती खोकी मागायला. आम्ही घर बदलत होतो आणि माझी पुस्तकं हलवायची होती. दारूच्या दुकानातली खोकी जाड पुठ्ठ्याची असतात, पुस्तकांच्या वजनाने त्यांचा तळ सुटत नाही, हे मला ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं होतं. दुकान होतं एका स्ट्रिप मॉलमध्ये, दातांचा दवाखाना आणि कराटेचा क्लास यांच्या मध्ये. मालक वॉल्टर तेव्हा साठी ओलांडलेले होते. खोकी कशासाठी हवीत हे त्यांनी विचारलं, आणि पुस्तकांसाठी म्हटल्यावर कोणती पुस्तकं तेही विचारलं. मी उत्तर देत असतानाच एक गृहस्थ तावातावाने आत आले. त्यांनी नेलेल्या महागड्या बाटलीच्या तळाशी गाळ होता, माल मुदत उलटलेला होता, आणि त्यांना पैसे परत हवे होते. ते कुठल्याशा औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते हेही त्यांनी सांगून घेतलं. मी बाटली उजेडात धरली आणि म्हटलं, हा गाळ नाही, यीस्ट आहे. जिवंत आहे. बाटलीत ते काम करतं म्हणूनच ही बिअर वर्षानुवर्षं टिकते. तुमच्या कंपनीत कोणाला सूक्ष्मदर्शक वापरता येत असेल तर दाखवून घ्या.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे कित्येक वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा प्रयोगशाळांना मधल्या वर्षांत मी काय केलं हे जाणून घ्यायचं होतं. मी वाचन केलं होतं. ते त्यांना पुरेसं वाटलं नाही. वॉल्टरना वाटलं. त्यांनी मला खोकी दिली, त्याबरोबर नोकरी दिली, आणि त्या दिवसापासून ते मला प्रोफेसर म्हणू लागले. मी त्यांना इथल्या दक्षिणेकडच्या रीतीप्रमाणे मिस्टर वॉल्टर म्हणत असे.

त्यांच्या दुकानात बाकी सगळ्या बिअर होत्या तशा होत्या. त्यांचा जीव होता मागच्या भिंतीवरच्या एका शेल्फवर. तिथे फक्त बेल्जियमच्या कडक बिअर असत. साधी बिअर चार-पाच टक्क्यांची असते. या आठ, नऊ, दहा टक्क्यांच्या. काहींना शँपेनसारखं बूच आणि वर तारेची टोपी. तरुणपणी तंबाखूच्या यंत्रांच्या एका कंपनीने वॉल्टरना बेल्जियमला पाठवलं होतं. तिथे कारखान्यासमोरच्या खानावळीत कामगार दुपारी पावावर मऊ पांढरं चीज आणि मुळ्याच्या चकत्या घालून खात आणि दोघांत एक बाटली घेत. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक ही बिअर आणि दुसरा तो नियम. बाटली एक, माणसं दोन, आणि समोर जेवण. त्या शेल्फवरची बाटली घेऊन कोणी गल्ल्यापाशी आलं की वॉल्टर शांतपणे विचारत, "उरलेली अर्धी कोणाची?"

उत्तर देता आलं नाही तर ते बाटली विकत नसत. नम्रपणे दुसरं काहीतरी सुचवत.

या प्रश्नाने मला माणसांची जेवढी पारख करून दिली तेवढी एकाही पुस्तकाने दिली नाही. बायकोचं नाव सांगताना काही लोक छताकडे बघत. एक तरुण जोडपं आपापसांत भांडू लागलं आणि शेवटी पाणी घेऊन गेलं. आपल्यातले एक सद्गृहस्थ दर शुक्रवारी येत. आधी मला पाहून चिप्सच्या रॅकमागे जात, तिथे बराच वेळ पाकिटांवरचा मजकूर वाचत, आणि मग बाटली घेऊन पुढे येत. उरलेली अर्धी कोणाची? "ऑफिसच्या लोकांसाठी घेतोय, काकू." ऑफिसचे ते लोक फार दुर्दैवी असावेत, एका बाटलीत सगळ्यांना भागवावं लागत होतं.

आणि मग पेअरिंगवाले. कशाबरोबर काय प्यावं हे सांगणाऱ्या या जातीबद्दल मी सौम्य लिहू शकत नाही. दुकानात दर महिन्याला त्यांच्यापैकी एखादा येई, ग्लासात नाक घालून डोळे मिटे, आणि त्याला त्यात ओला खडक, जुनं कातडं आणि शरद ऋतूतलं कुरण सापडे. मीही नाक घालत असे. मला लवंग, पिकलेलं केळं आणि यीस्ट सापडे, कारण तेवढंच त्यात असतं. लवंगेचा आणि केळ्याचा वास यीस्टच करतं. ओला खडक कोणी चाटून पाहिला आहे, हे मला विचारावंसं वाटे. विचारलं नाही. गिऱ्हाईक होतं.

आमचं पेअरिंग मागच्या खोलीत होत असे, रिकाम्या खोक्यांच्या मध्ये, घडीच्या टेबलावर. पहिल्या दिवशी मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा. वॉल्टरनी त्यांचा डबा उघडला. मक्याचा जाड पाव, शिजवलेले पिंटो बीन्स, कांदा. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. त्यांचं लहानपण डोंगराळ भागातल्या शेतावर गेलं होतं. म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्या आणि माझ्या आईची गाठ पडायला हवी होती." मग उठून त्यांनी शेल्फवरून एक काळी बाटली आणली.

मी तोवर दारू चाखलेलीसुद्धा नव्हती. पण रोज जे विकायचं ते काय आहे हे माहीत नसणं माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. ते कसं जुळतं हे मी साध्या शब्दांत सांगते. या काळ्या बिअरमध्ये करपवलेल्या साखरेचा पाक घालतात, त्यामुळे तिची चव काकवीच्या वाटेवरची. भाकरी आणि काकवी ज्याने खाल्ली आहे त्याला आणखी काही समजावायला नको. पिठलं जिभेवर थर धरून बसतं. बिअरमधला बारीक फेस तो थर उचलून नेतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. कच्चा कांदा तिचा गोडवा ताळ्यावर आणतो. बिअर बर्फासारखी गार नको, तळघरातल्या पाण्याइतकी थंड पुरे. फार गार केली की चव मिटून बसते. आणि ठेचा मध्ये आणायचा नाही. कडक दारू तिखटाला विझवत नाही, पेटवते. हे मी पहिल्याच दिवशी डोळ्यांतून पाणी काढून शिकले. तेव्हापासून ठेचा ग्लास रिकामा झाल्यावर, शेवटच्या चतकोर भाकरीबरोबर. वॉल्टर त्या चतकोराची वाट बघत.

एवढंच शास्त्र. बाकी सगळी भर आहे.

वॉल्टर गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी मी दुकानाशी पोहोचले तर दिवे लागलेले नव्हते, आणि मला आत न जाताच कळलं. चर्चमधल्या प्रार्थनेत लोक त्यांच्याविषयी पुष्कळ चांगलं बोलले, पण त्यांनी आयुष्यभर काय विकलं हे पाद्रीबुवांनी एकदाही उच्चारलं नाही. ते 'व्यवसायात होते'. मला माझी सासर-माहेरची माणसं आठवली. नंतर तळघरातल्या सभागृहात गोड चहा आणि केक होता. मी घरी येऊन स्वयंपाक केला. आपल्याकडे कोणाचं किती दिवस सुतक धरायचं याचा चोख हिशेब आहे. रोज दुपारी ज्याच्यासमोर बसून जेवलो त्याचं सुतक त्या हिशेबात नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. डबा नेला. बाटली उघडली नाही. उरलेली अर्धी कोणाची, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नियम मालकाच्या मृत्यूने रद्द होत नाही.

दुकान पुतण्याकडे गेलं. ग्रेग वाईट माणूस नव्हता. वाईट असायलाही थोडी चव लागते. त्याने बेल्जियमच्या शेल्फसमोर उभं राहून फोनवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला की, एवढ्या जागेत फळांच्या स्वादाचं सेल्टझर, म्हणजे हलकी दारू घातलेला सोडा, ठेवलं तर कितीतरी पट खप होईल. मी म्हटलं, होईल. तो माझ्याकडून वादाची अपेक्षा करत होता, त्यामुळे जरा गडबडला. मग म्हणाला, एक काम करू. दुकानात एक कार्यक्रम घेऊ, तिकीट लावून. जेवण आणि ही बिअर. गर्दी झाली, बाटल्या खपल्या, तर शेल्फ राहील. नाहीतर सेल्टझर.

मला ते शेल्फ राहायला हवं होतं. वॉल्टरचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं, आणि तेही माझं नव्हतं.

ग्रेगने ही गोष्ट गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या नीलेशला सांगितली. नीलेश मूळचा पुण्याचा, आयटीतला, चाळिशीचा, आणि इथल्या मराठी मंडळींच्या सगळ्या समारंभांचा कर्ता. त्याच्या अंगात न थकता लोकांना गोळा करण्याची शक्ती आहे, आणि लोक गोळा झाल्यावर त्यांचं काय करायचं याचा विचार करण्याची अजिबात नाही. तो लगेच माझ्याकडे वळला. "काकू, सॉलिड कन्सेप्ट आहे. आपलं गावरान जेवण आणि त्यांची बेल्जियन बिअर. तुम्ही रोज हेच खाता ना मागे? ग्रेग सांगत होता. पन्नास लोक मी आणतो."

गावरान. या शब्दावर मी थांबते. माझ्या माहेरी पिठलं होत असे ते भाजी आणायला कोणी गेलं नाही म्हणून. त्याला आई गावरान म्हणत नसे, 'आज पिठल्यावर भागवा' म्हणे. खेड्यात राहणारा माणूस आपल्या जेवणाला जेवण म्हणतो. गावरान म्हणायला आधी गाव सोडावं लागतं, मग बरा पगार लागतो, आणि मग त्याच भाकरीसाठी काशाची ताटं भाड्याने आणावी लागतात. कॅरीत ती भाड्याने मिळतात. मला हे नीलेशमुळे कळलं.

त्याच्या घरी बैठक झाली. दीड तास फेट्यांच्या रंगावर गेला. कार्यक्रमाच्या नावासाठी तीन सूचना होत्या आणि तिन्हींत शिवार होतं. शेवटी मला बोलायला सांगितलं. मी तीन गोष्टी सांगितल्या. दोघांत एक बाटली, त्याहून थेंब जास्त नाही, कारण ही दहा टक्क्यांची आहे आणि सगळे गाडीने येणार. बिअर बर्फात घालायची नाही. ठेचा बिअर संपल्यावर वाढायचा. सगळ्यांनी मान डोलावली. "नक्की, काकू," नीलेश म्हणाला. "तुम्ही टेन्शन घेऊ नका."

रविवारी दुपारी मी पोहोचले तेव्हा बाटल्या कुटलेल्या बर्फात मानेपर्यंत बुडवलेल्या होत्या. लांब टेबलांवर केळीच्या पानांसारखे दिसणारे कागद होते, त्यांवर काशाची ताटं, आणि प्रत्येक ताटात डावीकडे, जिथे चटणीची जागा तिथे, ठेच्याचा घसघशीत गोळा. मी नीलेशकडे पाहिलं. तो फेटा सावरत म्हणाला, "काकू, पानाची डावी बाजू रिकामी कशी ठेवणार? बरं नाही दिसत."

आधी कांदे फोडण्याचा कार्यक्रम झाला. हे बुक्कीनेच फोडायचे असतात म्हणून प्रत्येकाने बुक्की मारतानाचा व्हिडिओ काढला. एक कांदा निसटून सेल्टझरच्या खोक्यांमागे गेला. तो अजून तिथे असेल. मग मला दोन मिनिटं बोलायला दिली. मी यीस्टबद्दल पहिलं वाक्य पुरं केलं आणि दुसरं सुरू केलं, तेवढ्यात नीलेशने "काकू, एक सेकंद, ग्रुप फोटो राहिलाय" म्हटलं. दुसरं वाक्य माझ्याजवळ अजून आहे.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती आपल्याशिवाय कोणाकडून होणं शक्य नाही. बिअर बाटलीतून ओतायची तर दोघांत एक हा हिशेब आपोआप राहतो. पण पंगत म्हटलं की वाढपी आले, आणि वाढपी म्हटलं की त्यांच्या हातात जग हवा. समितीने सगळ्या बाटल्या, तळच्या यीस्टसकट, स्टीलच्या जगांमध्ये रिकाम्या केल्या. मठ्ठ्याचे जग. आणि ते जग घेऊन फेटेवाले पंगतीतून फिरू लागले.

आग्रह ही आपली कला आहे. पाश्चात्त्य पेअरिंग एका घोटावर उभं आहे. आपली पंगत समोरच्याच्या नकारावर उभी आहे. नको म्हणणं हे अजून वाढा म्हणण्याचं सभ्य रूप आहे असं आपण धरून चालतो. लोकांनी ग्लासावर तळहात आडवे धरले. जिलबीच्या वेळी पानावर धरतात तसे. आणि वाढपी बोटांच्या फटींतून ओतत राहिले. "घ्या हो, आमच्या हातची." "संकोच करू नका." "एवढ्याने काय होतंय?" इकडे ठेचा झोंबलेले लोक बिअर पाण्यासारखी घटाघटा पीत होते, त्याने तिखट आणखी भडकत होतं, आणि ते पुन्हा ग्लास पुढे करत होते. भर दुपारी, दातांच्या दवाखान्याशेजारी, चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांची तोंडं टोमॅटोसारखी झाली. एकाने पोवाडा सुरू केला. दुसऱ्याला तो थांबवायचा होता, पण तो उठू शकला नाही.

ग्रेग दारापाशी उभा राहून हसत होता. कार्यक्रमासाठी काढलेल्या बाटल्या सगळ्या खपल्या होत्या. त्याने मला अंगठा दाखवला. शेल्फ राहणार होतं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेला आशिष उठला. आशिष अमरावतीचा, नुकताच नोकरीला लागलेला, भिडस्त. नाही म्हणता न येणाऱ्याला आग्रहाचा सगळ्यात मोठा वाटा मिळतो. तो खिशातून किल्ली काढून तिच्याकडे ती कोणाची आहे अशा नजरेने बघत होता. मी विचारलं, कुठे निघालास? म्हणाला, "रूमवर, मावशी. पॅकिंग करायचंय. पुढच्या महिन्यात व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जातोय इंडियाला."

इथे दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं तर नागरिकाचा गाडीचा परवाना जातो. व्हिसावर असलेल्याचा देश जाऊ शकतो. त्या पंगतीत बहुतेक जण व्हिसावर होते, आणि रस्त्यावर कोणी आडवं येऊन मरू शकतं ते वेगळंच. दुकानाबाहेर त्यांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. आणि दारात ग्रेग उभा होता. मी काही केलं तर ते त्याच्या देखत होणार होतं, आणि आज काय झालं ते त्याला समजणार होतं. मी वॉल्टरच्या शेल्फकडे एकदा पाहिलं.

टेबलावर भाकऱ्यांची वेताची दुरडी रिकामी पडली होती. ती उचलली आणि पंगतीच्या या टोकापासून फिरायला लागले. आशिषपुढे धरली. "टाक बेटा किल्ली."

"नको मावशी, मी ठीक आहे."

"टाक रे. संकोच करू नको. आमच्या हातची दुरडी आहे."

त्याने टाकली. पुढच्याने दोन्ही हात खिशावर आडवे धरले. मी तिथून हलले नाही. मराठी माणूस बॉसला नाही म्हणू शकतो, बायकोला तर म्हणतोच, पण पंगतीत समोर उभ्या राहिलेल्या काकूला नाही म्हणायचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नाही. "एवढी एकच." "यांनी टाकली, तुम्ही मागे कसे?" दुरडी जड होत गेली. ज्यांच्या बायकांनी घेतली नव्हती त्यांच्या किल्ल्या बायकांकडे गेल्या, आणि काही नवऱ्यांना पोवाड्यापेक्षा ते जास्त लाजिरवाणं वाटलं. एक छोटी मुलगी आईला म्हणाली, "आई, व्हाय इज डॅड गिव्हिंग अवे द कार?"

शेवटी नीलेश राहिला. फेटा एका कानावर आला होता. "काकू, मी एकदम ओके आहे. दहा मिनिटांचा ड्राइव्ह आहे यार."

"पोलीस दहा मिनिटांच्या रस्त्यावरच उभे असतात," मी म्हटलं. "पाहुण्यांच्या घेतल्या. आता यजमानाची."

त्याने किल्ली टाकली आणि खाली बसला.

ग्रेग हसायचा थांबला होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं हे काय चाललंय, आणि मी जसं होतं तसं सांगितलं. त्याने दुरडीतल्या किल्ल्या मोजल्या. तेवढ्या गाड्या रस्त्यावर गेल्या असत्या तर दुकानाचा परवाना गेला असता, हे गणित त्याला फोनशिवाय जमलं. संध्याकाळपर्यंत लोक खुर्च्यांवर, खोक्यांवर बसून राहिले. कराटेच्या क्लासची मुलं काचेला नाक लावून आत बघत होती. मी सगळ्यांना पाणी आणि उरलेली भाकरी वाढली. आग्रहाने.

सोमवारी ग्रेगने सांगितलं, यापुढे कार्यक्रम नाहीत, आणि कडक बिअर तर दुकानातच नको. आवाज मवाळ होता. शेल्फवर अर्ध्या किमतीचा फलक लागला, आणि आठवडाभर तीच मंडळी ढकलगाड्या घेऊन आली. मी प्रत्येकाला विचारलं, उरलेली अर्धी कोणाची? ते म्हणत, काकू, सेल आहे ना. ग्रेगच्या दुकानात विकायचं नाही म्हणायचा अधिकार मला नव्हता. मी बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या.

शुक्रवारी दुपारी एक काळी बाटली उरली होती. नीलेश आला. फेट्याशिवाय तो लहान दिसतो. त्याने ती बाटली उचलली, गल्ल्यावर ठेवली, आणि मी सवयीने विचारलं.

"काकू, तुम्ही घ्याल का?" तो म्हणाला. "डबा आणलाय. मीच केलाय, व्हिडिओ बघून. ऑफिसला हाफ डे टाकलाय. आणि मी चालत आलोय."

आम्ही मागच्या खोलीत बसलो. भाकरी अशी होती की तिला कडा होत्या पण मध्य नव्हता. पिठल्यात गुठळ्या होत्या, फोडणी करपलेली होती, आणि मीठ त्याने बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी पदार्थात घातलं होतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. डब्यात डावीकडचा कप्पा रिकामा होता.

"ठेचा विसरलास," मी म्हटलं.

"नाही, काकू." त्याने जॅकेटच्या खिशातून एक छोटी बाटली काढून दाखवली आणि परत खिशात ठेवली. "बिअर संपल्यावर."

फळीवर दोन ग्लास होते. वॉल्टरचा मी त्याला दिला नाही. तो मी घेतला आणि माझा त्याच्यापुढे ठेवला. मग बूच काढलं, आणि तळचं यीस्ट हलू न देता अर्धी त्याला ओतली.